इंग्रजीतील द्विकर्मक क्रियापदे आणि आपला ‘ला’

(द्वितीय वर्ष कला)

वार्षिकांकासाठी साहित्य द्यावे, अशी सूचना फलकावर लागली तेव्हा माझ्या मैत्रिणींनी कविता दिल्या. कोणी रायगडच्या सहलीचे वर्णन दिले. मला कविता येत नाही, आणि रायगडाविषयी माझ्याहून अधिक जाणणाऱ्यांनी पुष्कळ लिहून ठेवले आहे. मजजवळ स्वतःची म्हणावी अशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे इंग्रजीत केलेली एक चूक. त्या चुकीपायी गेले काही महिने मी एका दोनशे पानी वहीत क्रियापदे जमवीत आहे. त्या वहीतला काही भाग वाचकांपुढे ठेवते. इंग्रजी माध्यमातून आलेल्यांना यात नवीन काही सापडणार नाही. पण आमच्या वर्गातले बहुतेक जण खेड्यांतल्या जिल्हा परिषदेच्या शाळांतून आलेले आहेत. त्यांच्यासाठी हा लेख आहे.

चूक अशी घडली. माझे वडील एका कारखान्यात कंत्राटदाराकरवी कामाला जातात. मागच्या पावसाळ्यात त्यांचा तीन महिन्यांचा पगार थकला. तोंडी विचारले तर ‘अर्ज द्या’ म्हणत. मराठीत अर्ज दिला तर ‘वरचे साहेब मराठी वाचत नाहीत, इंग्रजीत द्या’ म्हणाले. वडील चौथी शिकलेले, आईची शाळा सातवीत सुटली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. तेव्हा हे काम माझ्याकडे आले. चार ओळींच्या अर्जासाठी मी दोन रात्री घालवल्या. त्यातले मुख्य वाक्य मी लिहिले ते असे: ‘द कंपनी इज नॉट पेड टू माय फादर थ्री मंथ्स वेजेस.’

माझ्या मनात मराठी वाक्य होते, ‘कंपनीने माझ्या वडिलांना तीन महिन्यांचा पगार दिलेला नाही.’ ‘दिलेला’ म्हणजे ‘पेड’, ‘नाही’ म्हणजे ‘इज नॉट’, ‘वडिलांना’ म्हणजे ‘टू माय फादर’. शब्दास शब्द जुळला होता. मी दोनदा तपासूनही पाहिले होते. कचेरीतल्या कारकुनाने अर्ज वाचला, शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांना दाखवला आणि म्हणाला, “अहो, ही म्हणते कंपनीलाच पैसे मिळालेले नाहीत!” दोघेही हसले. वडील माझ्या बाजूला उभे होते. त्यांना त्यातले काही कळले नाही, पण साहेब हसताहेत म्हणून तेही थोडेसे हसले. परत येताना पोलादपूरच्या गाडीत मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी तो कागद मी आमच्या इंग्रजीच्या सरांना दाखवला. सर हसले नाहीत. त्यांनी तांबड्या शाईने ‘पेड’ या शब्दाखाली रेघ मारली आणि विचारले, “हे क्रियापद किती कर्मे घेते?” मला सांगता आले नाही. ते म्हणाले, “मग आधी मराठीत सांग. ‘देणे’ किती घेते?” तेही मला नीट सांगता आले नाही.

आता येथून व्याकरण.

‘मी मैत्रिणीला वही दिली’ या वाक्यात देण्याच्या क्रियेला तीन गोष्टी लागतात. देणारी, दिली जाणारी वस्तू, आणि ती जिच्या हातात पडते ती व्यक्ती. वस्तू हे प्रत्यक्ष कर्म आणि घेणारी व्यक्ती हे अप्रत्यक्ष कर्म, असे आपण शाळेत शिकलो. अशी दोन कर्मे घेणाऱ्या क्रियापदास द्विकर्मक म्हणतात. ‘सांगणे’, ‘विचारणे’, ‘शिकवणे’, ‘दाखवणे’, ‘पाठवणे’, ‘वाढणे’ (पानात वाढतात ते) ही सारी याच घरातली. पाणिनीने घेणाऱ्याची मोठी मार्मिक व्याख्या केली आहे. कर्ता वस्तूच्या द्वारे ज्याला गाठू पाहतो तो संप्रदान, असा तिचा आशय. म्हणजे वही हे केवळ निमित्त, पोचायचे आहे मैत्रिणीपर्यंत. संस्कृतात या संप्रदानासाठी स्वतंत्र चतुर्थी आहे. त्यामुळे गंमत अशी, की संस्कृत व्याकरणात सोळा धातूंची जी द्विकर्मक म्हणून यादी देतात तिच्यात ‘देणे’ नाहीच. तिच्यात दोहणे, मागणे, विचारणे असले धातू आहेत, ज्यांची दोन्ही कर्मे द्वितीयेत जातात. गवळी गाईचे दूध काढतो, तर संस्कृतात गायही द्वितीयेत आणि दूधही द्वितीयेत.

मराठीने ही दोन घरे एक करून टाकली. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ १८३६ साली निघाले, आणि मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली. शाळेच्या पुस्तकांत आपण विभक्तींचा जो तक्ता पाठ केला त्यात द्वितीया आणि चतुर्थी यांचे प्रत्यय एकच आहेत, स, ला, ते. तक्ता पाठ करताना ‘दोन ओळी सारख्याच, बरे झाले, पाठांतर वाचले’ यापलीकडे मी कधी विचार केला नव्हता. परंतु त्यामुळे आपल्या ‘ला’वर केवढा भार पडला आहे पाहा. वही मैत्रिणीला देतो, बैलाला मारतो, महाडला जातो, चारला गाडी सुटते, दहाला दोन लिंबे मिळतात. सगळीकडे ‘ला’.

आणि तरीही मराठीत गोंधळ होत नाही, कारण ‘ला’ नामाला चिकटलेला असतो. ‘मी मैत्रिणीला वही दिली’, ‘वही मी मैत्रिणीला दिली’, ‘मैत्रिणीला दिली मी वही’, कसेही म्हणा, वही वहीच राहते आणि मैत्रीण मैत्रीणच. इंग्रजीतही एके काळी नामांना असे विभक्तिप्रत्यय होते. अकराव्या शतकानंतरच्या तीन-चारशे वर्षांत ते झिजून गेले. प्रत्यय गेले तेव्हा काम कोणीतरी करायला हवे होते. ते दोघांनी वाटून घेतले, जागेने आणि ‘टू’ या शब्दाने. म्हणून इंग्रजीत दोन वाक्ये होतात. ‘आय गेव्ह माय फ्रेंड अ नोटबुक’ हे एक. यात ‘ला’ कोठेच दिसत नाही, क्रियापदाला लागून पहिली जागा मिळाली हाच तिचा ‘ला’. ‘आय गेव्ह अ नोटबुक टू माय फ्रेंड’ हे दुसरे. यात वस्तू पुढे सरकली आणि मैत्रिणीला ‘टू’ घ्यावा लागला. जागाही बदलली आणि ‘टू’ही नाही, असे चालत नाही. ‘आय गेव्ह अ नोटबुक माय फ्रेंड’ म्हटले की वाक्य मोडले. आपण मराठीच्या सवयीने नेमके हेच करतो, कारण आपल्याकडे जागेला किंमत नाही.

या दोहोंपैकी कोणते केव्हा वापरावे? सरांनी सांगितलेले एक सूत्र मला फार उपयोगी पडले. जे ऐकणाऱ्याला ठाऊक आहे ते आधी, जे नवे किंवा लांबलचक आहे ते शेवटी. वस्तू ‘इट’ असेल, म्हणजे आधीच माहीत असेल, तर ‘गिव्ह इट टू मी’ असेच बहुधा म्हणतात. ‘गिव्ह मी इट’ कानाला खटकते.

आता खरी अडचण. सगळीच क्रियापदे ‘टू’ घेत नाहीत. ‘ही बॉट मी अ सारी’ उलटे केले तर ‘ही बॉट अ सारी फॉर मी’ होते, ‘टू मी’ होत नाही. ‘गिव्ह’, ‘सेंड’, ‘शो’, ‘टेल’, ‘टीच’, ‘लेंड’, ‘पे’ यांना ‘टू’ आणि ‘बाय’, ‘मेक’, ‘कुक’, ‘फाइंड’, ‘कीप’ यांना ‘फॉर’. पुस्तकात याच्या दोन याद्या असतात आणि त्या पाठ करा म्हणतात. मी पाठ केल्या आणि विसरले. मग एके संध्याकाळी चुलीपुढे बसले असताना एक गोष्ट लक्षात आली. ती मी कोणत्याही पुस्तकात वाचलेली नाही, म्हणून जरा विस्ताराने सांगते. चुकत असेल तर जाणकारांनी सुधारावी.

आई धाकट्या भावाला म्हणाली, “थांब, तुला भाकरी करून देते.” ‘तुला भाकरी करते’ असे ती म्हणाली नाही. मराठीत ‘मला साडी घेतली’ असे क्वचित म्हणतात, पण वाक्य नीट उभे राहते ते ‘मला साडी घेऊन दिली’ म्हटल्यावर. तसेच ‘मला पेन शोधून दिले’, ‘मला चहा करून दिला’, ‘मला झगा शिवून दिला’. घेणे, करणे, शोधणे, शिवणे यांत मुळात दुसऱ्या माणसाला जागा नाही. ती क्रिया एकट्याने होते. दुसरा माणूस आणायचा तर आपण शेवटी ‘देणे’ जोडतो, आणि तो माणूस ‘देणे’च्या बोटाला धरून आत येतो. इंग्रजीत अशा ठिकाणी ‘फॉर’ येतो! उलट ‘मला पैसे पाठवले’, ‘मला गोष्ट सांगितली’, ‘मला वही दाखवली’ यांत ‘देणे’ जोडावे लागत नाही, त्या क्रियेत घेणारा आधीपासून बसलेला आहे. तेथे ‘टू’.

ही कसोटी मी वहीतल्या क्रियापदांना लावून पाहिली आणि बहुतेक ठिकाणी ती उतरली. सगळ्यात सुंदर उतरली ती ‘राइट’ला. ‘मला पत्र लिहिले’ म्हणजे पत्र माझ्या पत्त्यावर आले, ‘रोट अ लेटर टू मी’. ‘मला पत्र लिहून दिले’ म्हणजे मला लिहिता येत नव्हते म्हणून दुसऱ्याने लिहिले, ‘रोट अ लेटर फॉर मी’. आमच्या गावात हा फरक समजावून सांगावा लागत नाही. माझ्या आजीच्या वयाच्या बायकांनी मुंबईला गिरणीत असलेल्या नवऱ्यांना जी पत्रे धाडली ती सारी ‘लिहून दिलेली’ होती. कोणा शिकलेल्या मुलाला ओट्यावर बसवायचे आणि सांगायचे. जे सांगायचे असेल ते त्या मुलासमोर सांगावे लागे, म्हणून पुष्कळसे सांगायचे राहून जाई, असे आजी म्हणते.

जिथे कसोटी फसली तेही सांगायला हवे. एस.टी. स्टँडवर आपण म्हणतो, “मला जागा धरून ठेव.” येथे ‘देणे’ नाही, ‘ठेवणे’ आहे, तरी इंग्रजीत ‘कीप अ सीट फॉर मी’. आणि ‘मला कविता वाचून दाखवली’ यात ‘दाखवणे’ जोडले तरी ‘रेड अ पोएम टू मी’. दाखवणे हे मुळातच ‘टू’वाले, म्हणून तसे होत असावे. असो.

तिसरा वर्ग फार फसवा आहे. ही क्रियापदे अर्थाने ‘सांगणे’, ‘देणे’, ‘दाखवणे’ यांच्या शेजारची, पण पहिली जागा माणसाला देतच नाहीत. यांतले मुख्य ‘एक्स्प्लेन’. ‘सर, एक्स्प्लेन मी धिस’ हे वाक्य आमच्या वर्गात रोज किमान एकदा ऐकू येते, मीही म्हणत असे. मराठीत ‘मला समजावून सांगा’, म्हणून ‘मी’ लगेच जोडायचा मोह होतो. खरे वाक्य ‘एक्स्प्लेन धिस टू मी’. तसेच ‘डिस्क्राइब’, ‘सजेस्ट’, ‘अनाउन्स’, ‘इंट्रोड्यूस’, ‘डोनेट’, ‘डेमॉन्स्ट्रेट’. ‘टेल मी’ चालते, ‘एक्स्प्लेन मी’ चालत नाही. ‘शो मी’ चालते, ‘डेमॉन्स्ट्रेट मी’ नाही. ‘गिव्ह द स्कूल अ क्लॉक’ चालते, ‘डोनेट द स्कूल अ क्लॉक’ नाही. ‘से’चेही तसेच. ‘तो मला म्हणाला’ याचे ‘ही सेड मी’ होत नाही, ‘ही सेड टू मी’ किंवा ‘ही टोल्ड मी’.

असा भेदभाव का, हे मी सरांना विचारले. त्यांचे उत्तर इतिहासाचे होते. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले, आणि पुढे फ्रेंच व लॅटिन शब्दांचा इंग्रजीत पूर आला. जुनी घरची क्रियापदे लहान, बहुधा एका अक्षराची आहेत, ‘गिव्ह’, ‘टेल’, ‘शो’, ‘सेंड’. बाहेरून आलेली लांब आहेत, आणि त्यांच्यावरचा आघात बहुधा पुढच्या अक्षरावर पडतो. घरच्यांना जुनी बिनप्रत्ययाची रीत मिळाली, पाहुण्यांना मात्र ‘टू’ घेऊनच आत यावे लागले. परंतु ‘पे’ आणि ‘ग्रँट’ हेही फ्रेंचच्याच वाटेने आलेले. ते आखूड होते, म्हणून घरच्यांत मिसळून गेले. ‘ऑफर’ आणि ‘प्रॉमिस’ यांचे मूळ लॅटिन, पण आघात पहिल्या अक्षरावर, म्हणून त्यांनाही प्रवेश. तेव्हा कुळापेक्षा उच्चाराला अधिक मान आहे असे दिसते. नियम पक्का नाही, पण नवीन क्रियापद भेटले तर अंदाज बांधायला पुरतो.

‘ग्रँट’ म्हणजे हक्क देणे, आणि त्याच्या उलट ‘डिनाय’ व ‘रिफ्यूज’, म्हणजे नाकारणे. हीदेखील द्विकर्मक आहेत. ‘दे गेव्ह देम वॉटर’ आणि ‘दे डिनाइड देम वॉटर’, रचना अगदी तीच, पाणी त्याच जागी, माणसे त्याच जागी. एकात पाणी मिळते, दुसऱ्यात मिळत नाही, आणि वाक्याच्या सांगाड्याला त्याचे काहीच नाही! ही दोन वाक्ये वहीत लिहिली तेव्हा महाडच्या मुलीला जे आठवायचे तेच आठवले. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत असा बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात १९२३ साली झाला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले असल्याचा ठराव केला. कागदावर ‘ग्रँट’ झाले होते, पण काठावर ‘डिनाय’ चालूच होते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तळ्यात उतरले आणि ओंजळीने पाणी प्याले, त्यांच्यामागून हजारो लोक प्याले. त्यानंतरही दावा चालला आणि उच्च न्यायालयाचा निकाल १९३७ साली लागला. मला व्याकरणापुरते एवढेच म्हणायचे आहे, की ‘देणे’ला देणारा लागतो आणि ‘नाकारणे’लाही. ‘पिणे’ला फक्त पिणारा लागतो.

आता माझ्या अर्जाकडे येते. माझी पहिली चूक ‘इज’ची. ‘दिलेला नाही’ यातला ‘आहे-नाही’ पाहून मी ‘इज नॉट’ लिहिले, तेथे ‘हॅज नॉट’ हवे होते. ‘हॅज’ असते तर कंपनी देणारी राहिली असती. ‘इज पेड’ म्हटल्याबरोबर प्रयोग कर्मणी झाला आणि कंपनी घेणारी झाली. पण असे का व्हावे? मराठी कर्मणीत तर वस्तू पुढे येते, ‘पगार दिला गेला’. घेणारा पुढे कसा आला?

इंग्रजीची खरी खोच येथे आहे. द्विकर्मक क्रियापदाचे कर्मणी रूप तेथे दोन तऱ्हांनी होते. ‘द वेजेस वेअर पेड टू माय फादर’ हे एक, ते आपल्यासारखेच. आणि ‘माय फादर वॉज पेड हिज वेजेस’ हे दुसरे. यात घेणारा चक्क कर्त्याच्या पाटावर बसतो. मराठीत हे होऊच शकत नाही. ‘मला पुस्तक दिले गेले’ म्हणा, ‘मला पुस्तक मिळाले’ म्हणा, ‘मला’ काही सुटत नाही. ‘मी पुस्तक दिला गेलो’ असे कोणी म्हटले तर आपण त्याच्या तोंडाकडे पाहू. थोडा विचार केला तर ही सवय एकट्या ‘देणे’ची नाही. मला भूक लागली, मला आंबा आवडतो, मला ताप आला, मला घर आठवते. मराठी माणूस अशा सगळ्या ठिकाणी ‘ला’ लावून बाजूला उभा असतो, आणि भूक, आंबा, ताप त्याच्याकडे चालत येतात. इंग्रज तेथे सरळ ‘आय’ म्हणून पुढे होतो. कोण बरोबर हा प्रश्न नाही. पण भाषांतर करताना दर वेळी ‘मला’चे ‘आय’ करावे लागते, हे मला कोणी आधी सांगितले असते तर माझे दोन वर्षांचे गुण वाचले असते.

‘वॉज गिव्हन’चा सराव करताना घरी एक प्रकार घडला. माझी आई माहेरची वरंध घाटाकडची. तिच्या बोलण्यात नेहमी येते, “मला शाळेतून काढली नि हितं दिली.” व्याकरणाने पाहू जाता हे वाक्य नमुनेदार आहे. ‘मला’ आहे, पण ती येथे घेणारी नाही. दिलेली वस्तूच ती आहे. सजीव कर्म म्हणून तिला ‘ला’ लागला. तसा ‘ला’ लागला की क्रियापद नपुंसकलिंगी व्हावे, ‘दिलं’. पण आई ‘दिली’ म्हणते, म्हणजे क्रियापद तिच्या लिंगाप्रमाणे चालते. पुस्तकात याला कर्मभावसंकर म्हणतात. मुली दाखवतात तेव्हा तर ‘ला’ही गळून पडतो. ‘पाहुण्यांना मुलगी दाखवली’ म्हणतात, ‘पाहुण्यांना मुलीला दाखवले’ असे बहुधा म्हणत नाहीत. दोन ‘ला’ शेजारी आले तर घोटाळा होईल म्हणून एक काढायचा, आणि तो वस्तूचा काढायचा. याच दिवाळीत आमच्याकडे असे एक वाक्य होऊ घातले होते. आईनेच, “तिची परीक्षा होऊ दे,” म्हणून ते पुढे ढकलले.

तर मी इंग्रजीत लिहिले, ‘माय मदर वॉज गिव्हन’. सरांनी ते वाचून विचारले, “वॉट? काय दिले त्यांना?” मी म्हटले, “सर, आईला दिली. लग्न करून.” ते म्हणाले, “तो अर्थ हवा असेल तर ‘वॉज गिव्हन इन मॅरेज’ म्हणून वाक्य पुरे कर. नुसते ‘शी वॉज गिव्हन’ म्हणून थांबलीस तर वाचणारा वाट पाहील, तिला काय मिळाले म्हणून.” घरी आल्यावर मी आईला विचारले, “आई, तुला काय दिलं गं?” तिला प्रश्न कळेना. हुंड्याचे विचारते असे वाटून ती म्हणाली, “हुंडा तुझ्या आज्यानं दिला, तो तुझ्या बापाच्या घरात गेला.” मी म्हटले, “तसं नव्हे, तुला.” बऱ्याच वेळाने म्हणाली, “तांब्याचा हंडा. त्यावर नाव घातलं हाय माझं.” तो हंडा आजही आमच्या पडवीत आहे. मी वहीत लिहिले, ‘माय मदर वॉज गिव्हन अ कॉपर पॉट.’ सरांनी त्यावर बरोबरची खूण केली.

वडिलांचा अर्ज मी पुन्हा लिहिला. या वेळी कंपनीपासून सुरुवात केली नाही. ‘माय फादर हॅज नॉट बीन पेड हिज वेजेस फॉर जुलै, ऑगस्ट अँड सप्टेंबर.’ वडील पहिल्या जागी, पगार शेवटी, मध्ये ‘टू’ नाही. दोन प्रती काढून एकीवर पोच घेतली. कारकून तोच होता. त्याने वाचले आणि शिक्का मारला. बाकी काही बोलला नाही. शिमग्यापूर्वी दोन महिन्यांचा पगार मिळाला. सप्टेंबरचा राहिला आहे.

त्याच्यासाठी तिसरा अर्ज लिहायला घेतला आहे. यात ‘ओ’ हे क्रियापद वापरावे असा विचार आहे. ‘ओ’ म्हणजे देणे लागणे, आणि तेही द्विकर्मकच. ‘यू स्टिल ओ माय फादर वन मंथ्स वेजेस.’ मराठीत येथे ‘ला’ येत नाही. आपण ‘तुम्ही माझ्या वडिलांचा एका महिन्याचा पगार देणे लागता’ असे म्हणतो, पगार वडिलांचाच असतो, फक्त दुसऱ्याकडे असतो. ‘यू’ म्हणणे उद्धट होईल की काय, एवढे सरांना विचारायचे राहिले आहे.